किल्ली कुणाकडे? नागपुरातली जुनी सार्वजनिक इमारत वस्तीच्या वापरात आणताना

महालातल्या एका गल्लीत एक जुनी शाळा आहे. काळ्या दगडाचं जोतं, दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मी तिथे चौथीपर्यंत शिकले. पुढे पोरं कमी होत गेली, एका उन्हाळ्यानंतर वर्ग भरलेच नाहीत आणि दाराला कुलूप लागलं. अकरा वर्षांनी आम्ही काही जणांनी ती वास्तू वस्तीसाठी मागायचं ठरवलं, तेव्हा पहिला महिना एकाच प्रश्नात गेला: या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे? एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी किल्ली सापडली ती समोरच्या पानठेल्यावर, सुपारीच्या रिकाम्या डब्यात.

आता तिथे सकाळी सहाला स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी अभ्यासाला बसतात, दुपारी बचत गटाच्या बायका येतात, संध्याकाळी कधी भजन असतं तर कधी नाटकाची तालीम. या कामात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे, कारण अशा इमारती आपल्या शहरात पुष्कळ आहेत. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत राजधानी होतं, नगरपालिका १८६४ ची. एवढ्या काळात शाळा, दवाखाने, वाचनालयं, पंपघरं, कचेऱ्या उभ्या राहिल्या. काहींचं काम पुढे संपलं. २०१३ मध्ये शहरातली जकात गेली, तशी जकात नाक्यांवरची वर्दळही गेली.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अजब बंगला १८६३ पासून संग्रहालयच आहे. रेल्वे स्टेशनची इमारत १९२५ ची, आजही तिथून गाड्या सुटतात. हायकोर्टाची इमारत १९४० मध्ये सुरू झाली आणि तिथे अजून न्यायदानच चालतं. या इमारती दगडाच्या जोरावर जितक्या टिकल्या, तितक्याच रोजच्या वापरामुळे टिकल्या. माणसांचा वावर असेल तर छत गळलेलं त्याच दिवशी कुणाला तरी दिसतं. बंद इमारतीत ते तीन पावसाळ्यांनी कळतं, आणि तोवर तुळईचं टोक कुजलेलं असतं. त्यामुळे तुमचं खरं काम त्या जागेत रोज माणूस येईल अशी व्यवस्था लावण्याचं आहे. रंगरंगोटी त्यामागून येते.

पहिलं काम: कागद

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढा. जमीन कुणाच्या नावावर आहे, नझूलची (म्हणजे सरकारी मालकीची) आहे का, भाडेपट्टा आहे का, त्याची मुदत संपली का, हे तिथे कळतं. जमिनीचा मालक आणि इमारतीचा मालक एकच असेल असं धरून चालू नका. जमीन नझूलची, इमारत महापालिकेची आणि ताबा एखाद्या तिसऱ्याच खात्याचा, असंही असू शकतं. नागपुरात महापालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे आणि सार्वजनिक न्यास, यांपैकी कुणीही मालक निघू शकतो, आणि प्रत्येकाकडे परवानगीची वाट वेगळी असते. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. अर्जात मोघम विचारू नका. ‘या सर्व्हे क्रमांकावरील इमारतीच्या ताब्याची व देखभालीची जबाबदारी सध्या कोणत्या विभागाकडे आहे, त्या आदेशाची प्रत द्यावी,’ असं एका वाक्यात लिहा.

त्याच वेळी वारसा यादी तपासा. नाव असेल तर श्रेणी पाहा. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला बळकटीसाठी अगदी गरजेचं असेल तेवढंच करता येतं, आतही आणि बाहेरही. दुसऱ्या श्रेणीत मूळ रूप राखून आतले बदल आणि नवा वापर सहसा मान्य होतो, तिसरीत आणखी मोकळीक असते. यादीतल्या इमारतीचं काम वारसा संवर्धन समितीच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित असतो, तिथल्या परवानग्या वेगळ्या. नाव यादीत नसलं तरी इमारतीची किंमत कमी होत नाही. तिथे जपण्याची जबाबदारी सगळी तुमच्यावर येते, एवढाच फरक.

मालक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ वाचून घ्या. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांनी तोंडी ‘घ्या की दहा वर्षं’ म्हटलं म्हणून पैसे घालू नका.

दुसरं: वस्तीला विचारणं

‘सांस्कृतिक सभागृह’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. तो म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मंच, माइक आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात, आणि अशी जागा वर्षातले वीस दिवस उघडी राहून बाकीचे दिवस बंद पडते. आम्ही एका मोठ्या कागदावर सोमवार ते रविवार आणि सकाळी सहा ते रात्री दहा असा तक्ता आखला आणि दोन महिने घरोघरी फिरवला. प्रश्न एकच: कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कशासाठी याल?

उत्तरं आमच्या अंदाजापेक्षा निराळी होती. आम्हाला वाटलं होतं, ज्येष्ठ नागरिक संघ सगळ्यात आधी येईल. जोर निघाला तो अभ्यासिकेचा. घरी दोन खोल्या, टीव्ही चालू, परीक्षा तोंडावर. बायकांनी जागेच्या आधी संडासबद्दल विचारलं. तान्हा पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन निघणाऱ्या पोरांना पावसात थांबायला जागा हवी होती. मारबत काढणाऱ्या मंडळातल्या एका म्हाताऱ्यांना फक्त सामान ठेवायला कोपरा हवा होता. विणकाम सोडलेल्या एका कोष्टी घरातल्या आजीबाई म्हणाल्या, ‘माया घरी जुना माग पडून हाय, तो लावा तिथं, पोरायले दाखवते.’ हे सगळं एका बैठकीत कळत नाही. बैठकीला बोलणारेच येतात.

तक्ता भरला की त्यात रोज भरणारा वापर कोणता ते शोधा. तोच इमारतीचा कणा. बाकी सगळं त्याच्या भोवती बसवायचं.

तिसरं: एक पावसाळा इमारतीजवळ

हा टप्पा लोक गाळतात, आणि पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच निघतात. ताबा मिळाल्या मिळाल्या कंत्राटदार आणू नका. जमलं तर एक पूर्ण पावसाळा नुसतं पाहा. आम्ही जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर मोठ्या पावसानंतर छत्री, बॅटरी आणि खडू घेऊन आत गेलो. जिथे ओल दिसली तिची कड खडूने आखून तारीख लिहिली. दोन महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर या रेघांचा नकाशाच झाला, आणि कळलं की पाणी आम्हाला वाटत होतं तसं छतातून येतच नव्हतं. बाहेरच्या रस्त्याची उंची वर्षानुवर्षं थर घालून वाढली होती, नाली भिंतीच्या पायथ्यापेक्षा वर गेली होती, आणि पाणी जोत्यातून वर चढत होतं. छतावर खर्च केला असता तर तो सगळा फुकट गेला असता.

भिंतीच्या भेगांवर काचेची पातळ पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख टाका. चार-सहा महिन्यांत काच तडकली तर भेग हलती आहे, तिथे अभियंत्याने पाया पाहिलाच पाहिजे. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली असण्याची शक्यता मोठी. तुळया लाकडी हातोडीने ठोकत जा. निरोगी सागवान टणक वाजतं, पोखरलेलं पोकळ. जास्त लक्ष भिंतीत शिरलेल्या टोकांकडे द्या. मधला भाग कोरडा असतो, टोकं ओल धरतात, आणि उधई (वाळवी) तिथूनच शिरते.

मोजणीचे नकाशे करून घ्या. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांना विद्यार्थ्यांसाठी असं काम हवंच असतं, विचारून पाहा. प्रत्येक दार, खिडकी, खुंटी, कोनाडा यांचे फोटो घ्या, कारण कामाच्या धामधुमीत कोनाडा बुजवला गेला की तो तिथे होता हेसुद्धा विसरलं जातं.

मग संरचना अभियंत्याला बोलवा, आणि जुन्या बांधकामाची सवय असलेलाच बोलवा. ज्याने फक्त आरसीसी पाहिलं आहे, तो पाडण्याचा सल्ला लवकर देतो. त्याला नेमका प्रश्न विचारा: कोणत्या मजल्यावर किती वजन? भारतीय मानकांप्रमाणे पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभेच्या जागेसाठी जमिनीवर दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार धरतात. एका चौरस मीटरमध्ये सात मोठी माणसं खेटून उभी आहेत असं समजा. जुना लाकडी माळा असा भार सहसा पेलत नाही. म्हणून गर्दीचे कार्यक्रम तळमजल्यावर.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वाचनालय म्हणजे हलकं काम, ते वर टाका, असं सगळे म्हणतात. खरं तर पुस्तकं माणसांपेक्षा जड. ग्रंथसंग्रहाच्या खोलीसाठी मानकात ६ किलोन्यूटनपासून सुरुवात होते, आणि माणसं घरी जातात तशी पुस्तकं रात्री उठून जात नाहीत. आम्ही कपाटं तळमजल्यावर भिंतीलगत ठेवली आणि माळ्यावर फक्त अभ्यासाची टेबलं, तीही अभियंत्याने लिहून दिलेल्या संख्येइतकीच.

चौथं: एक खोली उघडा

सगळी इमारत तयार होईपर्यंत थांबू नका. अभियंत्याने सुरक्षित म्हटलेली एक खोली झाडा, दोन दिवे लावा, सतरंजी टाका आणि तक्त्यातलं सगळ्यात भरलेलं काम तिथे सुरू करा. आमची अभ्यासिका पहिले आठ महिने बारा खुर्च्यांवर चालली. त्या पोरांमुळे रोज दार उघडलं, पारवे गेले, पत्ते कुटणारी टोळी आपोआप दुसरीकडे गेली. परवानगीच्या फाइलमध्येही ‘वापर सुरू आहे’ या तीन शब्दांना वजन येतं.

पाचवं: दुरुस्ती, आणि चुना

आमची मोठी चूक इथे झाली, ती उघडपणे सांगते. घाई होती, एका कंत्राटदाराने दर्शनी भिंतीचा जुना गिलावा फोडून सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट मारला. दिवाळीला भिंत आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात खालून कंबरेइतक्या उंचीपर्यंत फुगे आले, मग पापुद्रे सुटले, पांढरे क्षार बाहेर आले, आणि त्या थराबरोबर आतल्या विटांचा चुराही पडायला लागला.

कारण साधं आहे. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि पृष्ठभागावरून ती उडून जाते. सिमेंट आणि ऑइलपेंट ही वाट बंद करतात. ओल आत अडकते, क्षार वाळून फुगतात आणि वीट फोडतात. नंतर जे मिस्त्री आले, त्यांनी हात फिरवून एवढंच म्हटलं, ‘ताई, शिमिट काढा आधी. भिंतीले वारा लागू द्या, मंग पाहू.’ ते सिमेंट काढायला जे पैसे लागले, तेवढ्यात पहिल्यांदाच चुन्याचं काम झालं असतं.

चुन्याचं काम असं. भट्टीची कळी, म्हणजे न विझलेला चुना, पाण्यात टाकली की ती उसळते, तापते, वाफ येते. त्या वेळी जवळ उभं राहू नका, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. विझलेला चुना गाळून हौदात पाण्याखाली निदान महिनाभर मुरवायचा, जास्त मुरला तर उत्तमच. मिस्त्री चिमूट घेऊन अंगठ्याने दाबून पाहायचे. लोण्यासारखा लागला तर झाला, कण लागला तर अजून नाही. मग एक भाग चुना आणि साधारण तीन भाग वाळू, त्यातली काही वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, त्याने मिश्रण हाताला वळतं आणि चिकटपणा येतो. प्रमाण आधी जुन्या गिलाव्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून ठरवा आणि मागच्या भिंतीवर हातभर जागेत करून पाहा.

चुना हळू घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून. थर पातळ हवा, एका थरावर दुसरा चढवण्याआधी वेळ द्यावा लागतो, आणि मधल्या काळात ओलं गोणपाट टांगून भिंत सावकाश वाळू द्यावी लागते. म्हणून नागपुरात एप्रिल-मेमध्ये चुन्याचा गिलावा करूच नका. पंचेचाळीस अंशांत थर वरून तडकतो. दसऱ्यानंतर ते महाशिवरात्रीपर्यंत हा खरा हंगाम. देणगीदाराला एक मेला उद्घाटन हवं असेल तर त्याला तारीख पुढे घ्यायला सांगा. चुन्याला घाई चालत नाही, उद्घाटन थांबू शकतं.

तुळईचं फक्त टोक कुजलं असेल तर सगळी तुळई काढू नका. कुजका भाग कापून त्याच जातीचं, पूर्ण वाळलेलं सागवान जोडता येतं, पण सांधा कुठे आणि कसा, हे अभियंता आणि सुतार यांनी एकत्र बसून ठरवायचं. पाडकामातून मिळणारं जुनं चांदा-आलापल्लीकडचं सागवान मिळालं तर नव्यापेक्षा बरं, ते वाळून बसलेलं असतं. कवेलू उतरवताना चांगले वेगळे काढा आणि रस्त्याकडच्या उतारावर तेच परत लावा, नवे मागच्या बाजूला. भिंतीतून उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड निघतो. फांदी कापून मूळ आतल्या आत मारावं लागतं आणि मग पोकळी चुन्याने भरावी लागते. पिंपळाला हात लावायला कुणी धजत नाही, हे खरं आहे. आमच्याकडे लहान रोपटं आधी काढून मैदानाच्या कडेला लावलं, पूजा केली, आणि मग मिस्त्री शिडीवर चढले.

सहावं: ऊन, कूलर आणि बाकी सोयी

जाड भिंत आणि उंच छत ही या इमारतींची थंडाव्याची व्यवस्थाच आहे. छताजवळचे झरोके गरम हवा बाहेर सोडण्यासाठी असतात, पण रंगाचे थर बसून ते जाम झालेले असतात. आधी ते मोकळे करा, दोरी लावा, रात्री सगळं उघडून सकाळी नऊला बंद करा. आमच्या अभ्यासिकेत एवढ्यानेच एप्रिल निभावला.

मे महिन्यात कूलर लागतोच, आणि नागपुरात जुन्या खिडकीचा सगळ्यात मोठा वैरी कूलरच. चौकटीवर टेकवलेला, टाकीतून थेंब थेंब गळणारा कूलर दोन-तीन उन्हाळ्यांत सागवानी चौकट कुजवतो आणि खालच्या भिंतीवर हिरवा ओघळ आणतो. कूलर स्वतःच्या लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. खिडकीचं पान काढून जपून ठेवा आणि त्या जागी तात्पुरती प्लायची चौकट बसवा, मूळ चौकटीत खिळा न मारता. वाहून जाणाऱ्या पाण्याला नळी लावून ती नालीत सोडा. मृग लागला की कूलर खाली.

वायरिंगसाठी चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नका, नळीतून वरून न्या. सरळ रेषेत नेलेली नळी डोळ्याला खटकत नाही. संडास जुन्या भिंतीला लागून नको, मागच्या आवारात स्वतंत्र बांधा. त्यातला एक चाकाच्या खुर्चीसाठी रुंद दाराचा हवा, आणि बायकांच्या बाजूला रात्री उजेड हवा. उतरत्या वाटेसाठी १ ला १२ हे प्रमाण धरा. जोतं अडीच फूट उंच असेल तर तीस फूट लांबीची वाट लागते, मधल्या सपाट थांब्याची जागा वेगळी. जागा नसेल तर बाजूचं दार पाहा, तिकडे मैदान चढतं असू शकतं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा आहे, पण कायद्याच्या आधी गुडघे दुखणाऱ्या आपल्याच आयांचा विचार करा.

किती माणसं बसतील, हे मंडपवाल्याला विचारू नका. वीस बाय तीस फुटांचा वर्ग म्हणजे जेमतेम ५६ चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आसनांच्या सभेसाठी माणशी ०.६ चौरस मीटर धरतात, म्हणजे कागदावर नव्वदच्या आसपास. मधली वाट आणि दारं लक्षात घेतली तर आम्ही साठावर थांबलो आणि ती संख्या दारावर रंगवली. बाहेर पडायला दोन दारं हवीतच, आणि कार्यक्रमाच्या वेळी दोन्ही कुलपाविना. सरकारी शाळांची जुनी दारं बहुधा आत उघडतात. ती बदलायची परवानगी नसेल तर कार्यक्रमभर पूर्ण उघडी ठेवून अडकवायची, हा नियम करा. महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा ठीक असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. लाकडी छताखाली स्वयंपाक नको. सांबारवडी बाहेरून तळून आणावी.

सातवं: पैसा आणि करार

कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचं पुनरुज्जीवन आणि सार्वजनिक वाचनालय, दोन्ही सामाजिक दायित्वाच्या खर्चात बसतात. पण कंपनीचा पैसा घ्यायला संस्थेकडे आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी, सामाजिक दायित्वाच्या कामासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल नोंदवलेल्या मंडळाला तो मिळत नाही. म्हणून एखाद्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेबरोबर जोडून काम करा.

कंपन्या दर्शनी काम पुरवतात. छत, नाली, संडास यांना देणगीदार सहज मिळत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. वस्तीकडून आलेला पैसा याच कामांसाठी राखून ठेवा. आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांनी ‘एक माणूस, दहा कवेलू’ असं ठरवलं आणि मागचा सगळा उतार त्यातून झाला.

मालकाबरोबरच्या करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मुदत किती, छत आणि भिंतींची मोठी दुरुस्ती कुणी करायची, वीज-पाणी कुणाच्या नावाने, आणि मुदतीआधी जागा परत घेतली तर तुम्ही घातलेल्या खर्चाचं काय. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण थकीत बिलामुळे मीटर काढून नेल्यावर कळते. परवानग्यांचा क्रम मालकाची लेखी संमती, वारसा समिती, बांधकाम परवानगी, अग्निशमन, असा ठेवा. उलट गेलात तर प्रत्येक नकाशा दोनदा काढावा लागेल.

आठवं: किल्ली

उद्घाटनानंतर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा बंद पडलेल्या जागा मी पाहिल्या आहेत. एकाच माणसाकडे किल्ली असते, आधी त्याची तब्येत बिघडते किंवा त्याचं कुणाशी तरी बिनसतं, आणि पुन्हा तेच कुलूप.

आमच्याकडे किल्ल्या तीन. एक सकाळच्या अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्याकडे, दर सहा महिन्यांनी माणूस बदलतो. दुसरी बचत गटाकडे. तिसरी समोर राहणाऱ्या घरी, कारण तिथे दिवसरात्र कुणीतरी असतं. दारामागे नोंदवही आहे: कुणी उघडलं, किती वाजता, काय बिघडलेलं दिसलं, कुणी बंद केलं. समितीत अकरा जण आहेत, त्यात जवळपास निम्म्या बायका, आणि कुणीही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहत नाही. निवडणुकीच्या प्रचाराला कोणत्याच पक्षाला जागा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून लावलं.

दराचे तीन थर ठेवले. रोजचा वस्तीचा वापर नाममात्र, बाहेरच्या शिबिरांना मध्यम, साखरपुडा-बारशासारख्या घरगुती कार्यक्रमांना पूर्ण. लग्न नाही, कारण साठांची जागा आहे आणि लग्नाला साठ माणसं येत नाहीत. दर पावतीतला ठरावीक वाटा छताच्या वेगळ्या खात्यात जातो, त्याला कुणी हात लावायचा नाही. भिंतीत खिळा नाही, हार-तोरण लावायला वरच्या पट्टीत आकडे दिले आहेत. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, तो कायदाच आहे.

जुन्या आठवणींसाठी वेगळं दालन केलं नाही. हजेरीपटाच्या दोन जीर्ण वह्या काचेत ठेवल्या, चौथीच्या वर्गातला भिंतीतला काळा फळा तसाच राखला आणि त्यावर रोज खडूने उद्याचे कार्यक्रम लिहितात. अक्षर बहुधा कुणातरी शाळकरी पोराचं असतं.

वर्षाचं वेळापत्रक साधं आहे. मे संपताना पन्हाळी आणि नाल्या साफ, सरकलेले कवेलू नीट. पावसाळाभर दर मोठ्या सरीनंतर फेरी. दसऱ्याला आतून चुन्याचा हात. जानेवारीत लाकूड ठोकून पाहणं आणि उधईची तपासणी.

या वर्षी मृगाचा पहिला पाऊस रात्री साडेअकराला आला. समोरच्या घरातली सून बॅटरी घेऊन आत गेली, माळ्यावर एका जागी टिपटिप होती, तिने खाली बादली ठेवली, तुळईवर खडूने गोल काढला आणि वहीत लिहिलं: ‘माळा, पूर्वेकडून तिसरी तुळई, कवेलू सरकला असेल, टेबल बाजूला केलं.’ सकाळी सहाला आलेल्या पोराने ते वाचून कवेलूवाल्याला फोन केला.